आपलेच शब्द, आपल्यापुढे

मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हटली की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शांत खोली, एक टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा. पडद्यावर एखादा शब्द किंवा चित्र क्षणभर उमटते, समोर बसलेला माणूस एक कळ दाबतो, आणि त्याला किती वेळ लागला ते यंत्र नोंदवून ठेवते. पडद्यावर जे दाखवले जाते त्याला मानसशास्त्राच्या परिभाषेत 'उद्दीपक' म्हणतात, आणि समोर बसलेल्या माणसाला 'प्रयुक्त'. हे दोन शब्द आजच्या भाषणात वारंवार येतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता प्रश्न असा, की पडद्यावर दाखवायचा शब्द आणायचा कोठून? रूढ उत्तर असे, की तो प्रयोगकर्त्याने निवडावा आणि सगळ्यांना तोच दाखवावा. पण दुसरीही एक रीत आहे. प्रयोगाच्या पहिल्या भागात संगणक प्रयुक्तालाच विचारतो: तुमच्या जिवलग माणसाचे नाव काय? तुम्हाला भीती कशाची वाटते? तुमचा स्वभाव एका शब्दात सांगा. प्रयुक्त उत्तरे टाइप करतो. काही वेळाने, किंवा काही आठवड्यांनी, तीच उत्तरे उद्दीपक होऊन त्याच्या पुढ्यात येतात. ह्या रीतीने काय साधते, काय हातचे जाते, आणि गेलेले परत कसे मिळवतात, ह्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

पहिल्या रीतीमागे मोठा विचार होता, हे आधी मान्य केले पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस ह्याने १८८५ साली स्मरणशक्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले होते. निरर्थक कशासाठी? तर शब्दाला अर्थ असला की त्याला आठवणी चिकटलेल्या असतात, आणि प्रत्येकाच्या आठवणी वेगळ्या. 'विहीर' हा शब्द एकाला पोहण्याची आठवण देईल, तर दुसऱ्याला घरातल्या एखाद्या दुर्घटनेची. मग शब्द एकच असला तरी दोघांना दाखवलेली वस्तू एकच होती, असे कसे म्हणायचे? सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे, तर माप कोरे हवे, असा तो हिशेब होता.

पण ह्या कोरेपणाची किंमत मोजावी लागते. भीतीचा अभ्यास करायचा, आणि सगळ्यांना 'साप' हा शब्द दाखवायचा, असे समजा. शेतात वावरलेल्या माणसाला सापाचे फारसे काही वाटत नाही. त्याला रात्रीची झोप लागत नाही ती 'हप्ता' ह्या शब्दाने. तिसऱ्या कुणाला 'निकाल' हा शब्द नको असतो. म्हणजे शब्द सगळ्यांना सारखा दाखवला, पण भीती सगळ्यांत सारखी जागी झाली नाही. भीती सारखी जागवायची, तर शब्द ज्याचा त्याचा वेगळा हवा. ही अडचण नीट ध्यानात घ्या, पुढचे सगळे तिच्यातूनच निघते.

ज्याचे शब्द त्याच्यापुढेच ठेवण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन ह्याने १८७९ साली ७५ शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले, एकेक चिठ्ठी समोर धरली, आणि मनात काय काय येते ते घड्याळ लावून टिपले. हा उद्योग त्याने सुमारे महिन्या-महिन्याच्या अंतराने चार वेळा केला. एकंदर ५०५ कल्पना मनात आल्या, पण त्यांतल्या वेगवेगळ्या अवघ्या २८९ भरल्या, बाकीची पुनरुक्ती. आपले मन आपण समजतो तितके नवनवे काही प्रसवत नाही, हे त्याला त्यातून दिसले. आणखी एक गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे. ह्या नोंदींत माणसाच्या विचारांचा पाया इतका उघडा पडतो, की त्या जशाच्या तशा जगापुढे मांडायला कोणी सहसा धजणार नाही. सहज टिपलेल्या शब्दांत केवढे गुपित असते, हे ह्या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच कळले होते.

त्यानंतर झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात कार्ल युंग ह्याने १९०४ च्या सुमारास शब्द-साहचर्याचे प्रयोग केले. शंभर शब्दांची यादी एकेक करून वाचायची, रुग्णाने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि वेळ मोजायचा. यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, आणि मघाशी दिलेलीच उत्तरे पुन्हा मागायची. जिथे उत्तर आठवत नाही किंवा बदलते, तिथे मनात काही तरी अडले आहे, असे युंग मानी. आपलेच उत्तर ही इथे दुसऱ्या फेरीची परीक्षा झाली.

पुढे १९५५ साली अमेरिकेत जॉर्ज केली ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्याची पद्धतशीर मांडणी केली. आई, वडील, आवडता शिक्षक, नकोसा वाटणारा सोबती, अशा जागी आपल्या आयुष्यातली माणसे कोण, ते तो प्रयुक्ताकडून लिहून घेई. मग त्यांतली तीन नावे पुढे ठेवून विचारी: ह्यांतले कोणते दोघे एकमेकांसारखे आहेत, आणि तिसरा त्यांच्याहून वेगळा कसा? प्रयुक्त म्हणे, "हे दोघे शब्दाला जागणारे, तो नाही." झाले! 'शब्दाला जागणारा' हे आता त्या माणसाचे स्वतःचे माप झाले, आणि त्या मापाने त्याने बाकी सगळ्यांना मोजायचे. शास्त्रज्ञाने आपली फूटपट्टी न लादता माणसाची फूटपट्टी मागून घेतली. संगणक आल्यावर हे काम त्याच्याकडे सोपवणे साहजिकच होते, कारण शब्द विचारणे, जपून ठेवणे आणि योग्य वेळी पुढे करणे, ह्यांत संगणकाचा हात धरणारा कोणी नाही.

आता एक शंका. माणसाने स्वतः दिलेला शब्द आणि दुसऱ्याने दिलेला शब्द, ह्यांत मनाच्या दृष्टीने खरोखर फरक पडतो का? पडतो. टोरांटो विद्यापीठातील नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ ह्यांनी १९७८ साली तो दाखवून दिला. काही प्रयुक्तांना शब्दांची जोडी पूर्ण वाचायला दिली. काहींना पहिला शब्द आणि दुसऱ्याचे केवळ आद्याक्षर दिले, बाकीचा शब्द त्यांनी स्वतः जुळवायचा. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 'जलद' दिले आणि पुढे नुसता 'शी', त्यावरून 'शीघ्र' आपण काढायचे. पुढे स्मरणाची परीक्षा घेतली तेव्हा वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः काढलेले शब्द चांगले लक्षात राहिलेले आढळले.

हा शोध उपयोगी खरा, पण आमच्या रीतीला तो अडचणीचाही आहे. समजा, प्रयुक्ताने सकाळी 'हप्ता' हा शब्द टाइप केला, आणि दहा मिनिटांनी तो पडद्यावर येताच तो दचकला, किंवा त्याने तो चटकन ओळखला. हे भीतीमुळे झाले, की शब्द नुकताच स्वतःच्या हाताने टाइप केला म्हणून? नुसत्या वेगावरून सांगता यायचे नाही. ह्यावर दोन उपाय आहेत. एक, दोन भागांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवायचे. दुसरा, भीतीशी संबंध नसलेले काही साधे शब्दही पहिल्या भागात प्रयुक्ताकडून टाइप करून घ्यायचे, म्हणजे हाताखालून दोन्ही प्रकारचे शब्द सारखेच गेलेले असतात.

पण सगळ्यांत मोठी अडचण निराळीच आहे. प्रत्येकाचे शब्द वेगळे, तर तुलना कशी करायची? एकाने 'ऊन' लिहिले, दुसऱ्याने 'परीक्षेतील अपयश'. एक शब्द आखूड, दुसरा लांब, एक नित्याचा, दुसरा जड. वाचायलाच कमीजास्त वेळ लागणार. ह्यावर शोधलेली युक्ती मोठी सुरेख आहे. समजा, एका बाईंनी आपल्या मावशीविषयी पाच वाक्ये लिहिली. ती वाक्ये त्यांना दाखवायचीच, पण जशीच्या तशी दुसऱ्या एका प्रयुक्तालाही दाखवायची, आणि त्याची वाक्ये ह्या बाईंना. अशा जोड्या लावल्या, की प्रत्येक वाक्य एकदा 'आपले' म्हणून दाखवले जाते आणि एकदा 'परके' म्हणून. लांबी तीच, शब्द तेच, भावही तोच. फरक उरतो तो एवढाच, की वाक्य कोणाचे.

न्यूयॉर्क विद्यापीठात सुसान अँडरसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९० पासून केलेल्या प्रयोगांत हा मार्ग दिसतो. पहिल्या बैठकीत प्रयुक्त आपल्या एखाद्या निकटच्या माणसाचे वर्णन करणारी वाक्ये लिहितो. काही आठवड्यांनी, दुसऱ्याच प्रयोगाच्या निमित्ताने, त्याला एका अनोळखी व्यक्तीची माहिती वाचायला देतात, आणि त्या माहितीत त्याच्याच वाक्यांतला काही भाग मिसळलेला असतो. नंतर विचारतात, ह्यांतली कोणती वाक्ये तुम्ही वाचली होती? तेव्हा माणूस, न वाचलेली पण आपल्या जिवलगाला लागू पडणारी वाक्येही, वाचल्यासारखी वाटतात म्हणून सांगतो. अनोळखी माणसावर तो ओळखीच्या माणसाचे चित्र चढवतो. आपण नव्या सुनेत मोठ्या बहिणीला पाहतो, किंवा नव्या साहेबात जुन्या मास्तरांना, त्यातलाच हा प्रकार. सगळ्यांना एकच छापील वर्णन देऊन हे कधी सापडले नसते.

जोडीच्या युक्तीतही सावध राहावे लागते. दोघांनीही 'आई' आणि 'प्रेमळ' असेच लिहिले असेल, तर परके म्हणून दाखवलेले वाक्य परके राहतच नाही. अशा जोड्या आधी तपासून मोडाव्या लागतात.

प्रयुक्ताच्या उत्तरावरून पुढची सामग्री ठरवताना आणखी एक सूक्ष्म फसवणूक संभवते. १९५६ साली जॅक ब्रेम ह्याने स्त्रियांना घरगुती उपयोगाच्या आठ वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन पुढे ठेवून एक घरी न्यायला सांगितली, आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, नाकारलेलीचे उतरले. निवड केली की मन तिचे समर्थन करू लागते, असा अर्थ लावला गेला, आणि तो पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. २०१० साली कीथ चेन आणि जेन राइझेन ह्यांनी त्यातला पेच दाखवला. दोन वस्तूंना सारखे गुण दिले म्हणून त्या सारख्याच आवडत होत्या असे नव्हे, कारण गुण देताना हात थोडा इकडेतिकडे होतोच. खरी आवड निवडीच्या वेळी उघड होते, आणि दुसऱ्यांदा गुण देताना ती पुन्हा दिसते. मन बदलले नसतानाही बदलल्यासारखे दिसेल! त्यांनी पडताळा पाहिला तो असा: काही जणांनी दोनदा गुण आधी द्यायचे, निवड सर्वांत शेवटी करायची. तिथेही तोच फरक दिसला. ज्या वेळी निवड व्हायचीच होती, त्या वेळचा फरक निवडीने घडवला असे कोण म्हणेल? पुढे हा दोष टाळून झालेल्या प्रयोगांतही मूळ परिणाम उरला, पण लहान होऊन. प्रयुक्ताच्या उत्तरांवर प्रयोग उभारायचा तर प्रत्येक पायरीवर ताक फुंकून प्यावे लागते, ते ह्यासाठी.

आता थोडे यंत्राच्या बाजूने पाहू. प्रयुक्ताचे उत्तर संगणक आपल्या स्मरणातल्या एका खणात ठेवतो. खणाला आपण नाव दिलेले असते, आणि पुढच्या भागात शब्दाच्या जागी त्या खणाचे नाव लिहिलेले असते. 'सायकोपाय' सारख्या विनामूल्य आज्ञावलींत हे सहज करता येते. नवख्याची फसगत होते ती एका ठिकाणी. संगणकाला स्पष्ट सांगावे लागते, की खण प्रत्येक फेरीच्या आरंभी उघडून बघ. तसे न सांगितले तर तो प्रयोग सुरू होतानाच एकदा खण बघतो. त्या वेळी प्रयुक्ताने काहीच टाइप केलेले नसते, मग पडदा रिकामा राहतो नाही तर यंत्र अडून बसते.

वेळेचेही असेच. नेहमीचा पडदा सेकंदाला साठ वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे १७ सहस्रांश सेकंद जातात. ठरलेले शब्द आधीपासून तयार ठेवता येतात, पण प्रयुक्ताचा शब्द आयत्या वेळी आकाराला येतो. म्हणून फेरीपूर्वीच्या विरामात तो रेखून तयार ठेवायचा, म्हणजे ऐन मोजणीच्या वेळी उशीर होत नाही.

आणि माणूस काय टाइप करील ह्याचा नेम नाही. कोणी उत्तरापुढे टिंब देतो, कोणी तीन ओळींचा मजकूर लिहितो, कोणी नुसतीच मोकळी जागा सोडतो. जिवलगाचे नाव विचारल्यावर एखाद्याने 'सांगता येत नाही' असे लिहिले, की पुढे यंत्र त्याला गंभीरपणे विचारते: 'सांगता येत नाही' तुमचे कोण? म्हणून उत्तर किती अक्षरांचे असावे ते बांधून द्यावे, ते प्रयुक्ताला एकदा परत दाखवून "हेच म्हणायचे आहे ना?" असे विचारावे, आणि शक्य तर दोन भागांच्या मध्ये माणसाने ते डोळ्यांखालून घालावे.

मराठीत तर ह्याला आणखी एक पदर आहे. इंग्रजीत वाक्याची जागा रिकामी ठेवून तिथे कोणतेही नाव बसवता येते. आपल्याकडे नाव वाक्यात गेले की रूप पालटते. प्रयुक्ताने गावाचे नाव 'पुणे' लिहिले, यंत्राने त्याला 'त' जोडला, आणि पडद्यावर आले 'पुणेत'! 'सातारा' लिहिले तर 'सातारात'. खरे रूप 'पुण्यात', 'साताऱ्यात', हे यंत्राला कोण सांगणार? लिंगाचेही तसेच, नाव भावाचे की बहिणीचे त्यावर 'आला' की 'आली' ठरते. असे मोडके वाक्य दिसले की प्रयुक्ताचे लक्ष अर्थावरून उडून व्याकरणावर जाते, आणि जास्त लागलेला वेळ भावनेच्या खाती मांडला जातो. म्हणून मराठीत उत्तर वेगळ्या ओळीवर, मूळ रूपात दाखवावे, आणि खाली 'ह्या गावात', 'ही व्यक्ती' असे सर्वनामाने वाक्य चालवावे. शब्दाची लांबी मोजतानाही जपायला हवे. 'क्षमा' ही आपल्या डोळ्यांना दोन अक्षरे, पण संगणक 'क', पायमोडणी, 'ष', 'म' आणि काना अशी पाच चिन्हे मोजतो. शब्दांची तुलना चिन्हांच्या संख्येवर केली, तर जोडाक्षरे लिहिणाऱ्यावर अन्याय होईल.

हे झाले तंत्र. पण ह्या रीतीत गुंतलेली खरी गोष्ट तंत्रापलीकडची आहे, आणि ती स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली केलेल्या एका प्रयोगात स्पष्ट दिसते. हा प्रयोग कागदावर झाला. लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि थॉमस स्ट्रँडबर्ग ह्यांनी १६० जणांना नीतीविषयीच्या विधानांवर आपले मत लिहायला सांगितले. मग पाने उलटताना, जादूगाराच्या हातचलाखीने, त्यांतल्या दोन विधानांचा अर्थ उलटा केला. माणसाचे उत्तर तसेच राहिले, पण आता ते विरुद्ध बाजूचे झाले. त्यानंतर त्यांना ती उत्तरे वाचून मत समजावून सांगायला लावले. ६९ टक्के लोकांनी दोहोंपैकी निदान एक उलटे विधान आपलेच म्हणून मान्य केले, आणि कित्येकांनी त्याच्या बाजूने मुद्देसूद युक्तिवादही केला! आपल्या हाताची खूण दिसली, की हे मत आपलेच असणार असे मन धरून चालते. स्वतःचे म्हणून समोर आलेल्या शब्दाचे एवढे वजन असते.

म्हणून तो शब्द हाताळणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. लुंडच्या संशोधकांनी शेवटी आपली चलाखी प्रयुक्तांना उघड करून सांगितली. तसे करणे आवश्यकच होते. नाही तर माणूस दुसऱ्याने उलटवलेले मत आपले समजून घरी घेऊन गेला असता. जोडीच्या युक्तीकडेही पुन्हा एकदा पाहा. तुलना न्याय्य व्हावी म्हणून तुमच्या मावशीविषयीचे वाक्य आम्ही एका परक्यापुढे ठेवतो. शास्त्राच्या दृष्टीने हे चोख, पण तुमच्या दृष्टीने ती घरची गोष्ट आहे. नाव, गाव, ओळख पटेल असे सारे त्यातून काढून टाकल्यावाचून ते वाक्य पुढे जाता कामा नये. कोणी दुःखाच्या भरात गेलेल्या माणसाचे नाव लिहिलेले असते, आणि ते पडद्यावर चाळीस वेळा चमकवणे हे क्रौर्य होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत, आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचाही विचार आहे. संमती आणि गुप्तता हे त्या तत्त्वांचे आधारस्तंभ आहेत.

कोणी म्हणेल, आधीच सगळे सांगितले तर माणूस जपून लिहील, आणि प्रयोग फसेल. हे खरे आहे. त्यातून वाट निघते ती अशी: उत्तरे पुढे संशोधनात वापरली जातील एवढे आधी सांगावे, कोणती, कशी, ते शेवटी उलगडून सांगावे, आणि तेव्हा "माझे शब्द काढून टाका" असे म्हणण्याची मुभा ठेवावी. प्रयुक्ताने माघार घेतली तर एक नोंद कमी होते. ते नुकसान सोसण्यासारखे आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला, विशेषतः महाविद्यालयांतील तरुण मंडळींना, अशा प्रयोगाला बसण्याचा योग येईल. जरूर बसा. पण पहिले उत्तर टाइप करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. माझे शब्द कोण कोण पाहणार? ते किती दिवस जपून ठेवणार? आणि मी म्हटले तर ते पुसून टाकणार का? ज्या प्रयोगकर्त्यापाशी ह्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, त्याला मोकळ्या मनाने खरी उत्तरे द्या. त्याचा प्रयोग तुमच्या खरेपणावरच उभा राहणार आहे, आणि माणसाच्या मनाविषयी त्याला जे कळेल, त्यात तुमच्या शब्दांचा वाटा असेल.